जुम्मादादांचा आखाडा आणि प्रोफेसर माणिकराव

बडोद्यात एक जुनी व्यायामसंस्था आहे. तिचं अधिकृत नाव श्री जुम्मादादा व्यायाम मंदिर. गावातली माणसं मात्र तिला माणिकरावांचा आखाडा म्हणतात आणि तिथल्या रस्त्यालाही प्रोफेसर माणिकरावांचंच नाव आहे. दारावर मुसलमान उस्तादाचं नाव आणि लोकांच्या तोंडी त्याच्या हिंदू शागिर्दाचं. शागिर्द उस्तादापेक्षा मोठा झाला, की असं होतं. पण या शागिर्दाने मोठं झाल्यावरही दारावरची पाटी बदलली नाही. या लेखाचा विषय ही पाटी आणि तिच्या मागचा इतिहास आहे.

माणिकरावांची कारकीर्द आजच्या भाषेत सांगायची तर कुस्ती आणि युद्धकलेतला एक तयार गडी पुढे क्रीडा प्रशासक कसा झाला, याची गोष्ट आहे. त्या काळी ‘क्रीडा प्रशासक’ हा शब्द नव्हता. पद नव्हतं, पगार नव्हता, महासंघ नव्हता. होती ती एक तालीम, तिच्यातला हौद आणि भिंतीला टांगलेली हत्यारं. तिथून शाळेच्या मैदानावर चालणाऱ्या सामुदायिक कवायतीपर्यंतचा रस्ता ज्या थोड्या लोकांनी तयार केला, त्यात हा माणूस आघाडीवर होता. महाराष्ट्रात त्यांचं नाव आज क्वचितच घेतलं जातं. त्यांच्या उस्तादाचं तर नाहीच.

आधी शब्दांकडे पाहू. आपण ज्याला अस्सल मराठी मातीतला खेळ म्हणतो, त्याचे निम्मे शब्द फारसी-अरबीतून आलेत. कुस्ती फारसी, पैलवान फारसी, दंगल फारसी. जोर मारतो तो जोरही फारसी आणि वर खातो तो खुराकही. तालीम हा अरबी शब्द, अर्थ शिक्षण. इल्म आणि मुअल्लिम हे त्याच घरातले. ज्या हौदात माती असते तो अरबी हौज. वस्ताद म्हणजे उस्ताद. शाळेच्या मिरवणुकीत पोरं खेळतात ती लेझीम मुळात धनुष्य ओढायच्या सरावाची साखळीवाली नरम कमान, तिचं नावही फारसी. इराणच्या जोरखान्यांत साखळीची कमान आणि लाकडी मुद्गल आजही फिरवतात.

याचा अर्थ कुस्ती मुसलमानांनी आणली असा नाही. तसा दावा कुणी केला तर तो चूक आहे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातला राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ लिहिला. त्यात मल्लांचा खुराक, त्यांचे वर्ग, त्यांचा सराव, खांबावरची मेहनत यांचं तपशीलवार वर्णन आहे. हे कल्याण म्हणजे आजचं बसवकल्याण. आमच्या तुळजापूर तालुक्यातल्या नळदुर्गहून हैदराबादच्या रस्त्याला लागलं, की उमरग्याच्या पुढे, आज कर्नाटकात असलेलं. म्हणजे दख्खनेत मल्लविद्या आधीपासून होती. नंतर सुलतानी अमलात इराणी, तुर्क, अरब, हबशी आले, त्यांनी आपली मेहनत आणि आपले डाव आणले. दोन्ही एका हौदात मिसळलं. तालमीच्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मळतात. एकदा मळली, की त्यातला लिंबाचा रस वेगळा काढून दाखवता येत नाही.

मल्लखांबाची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात निजामाच्या मुलखातले अली आणि गुलाब नावाचे दोन पैलवान आले, त्यांनी आव्हान दिलं, कुणी पुढे येईना. तेव्हा बाळंभटदादा देवधर या तरुणाने ते स्वीकारलं, खांबावर मेहनत करून अलीला हरवलं आणि गुलाबने माघार घेतली. कथेत अली आणि गुलाब फक्त हरण्यापुरते येतात. मला मात्र त्यात दुसरंच दिसतं. निजामाच्या मुलखातला पैलवान पुण्याच्या दरबारात येऊन उघड आव्हान देऊ शकत होता आणि ते त्याच्या धर्माशी न जोडता कुस्तीनेच मिटवलं जात होतं.

आता बडोदा. गायकवाडांचं हे संस्थान गुजरातेत असलं, तरी दरबार, कारभारी आणि लष्करातला मोठा वर्ग मराठी. खंडेराव महाराजांना कुस्तीचा भलताच नाद होता. त्यांच्या पदरी पैलवानांचा मोठा ताफा होता. १८६०च्या दशकात लुई रूसेले हा फ्रेंच प्रवासी बडोद्यात राहिला. त्याने तिथल्या आखाड्याचं, हत्तींच्या झुंजीचं आणि ‘नखी का कुस्ती’ नावाच्या भयंकर प्रकाराचं वर्णन लिहून ठेवलंय. त्यात पैलवान हातात शिंगाची नखं बांधून एकमेकांना अक्षरशः फाडत असत. हा शौक रक्ताचा होता, त्याला क्रीडासंस्कृती वगैरे म्हणून गोंडस करण्यात अर्थ नाही. १८७० साली खंडेराव वारले, मल्हाररावांना १८७५ मध्ये इंग्रजांनी पायउतार केलं आणि नाशिककडच्या कवळाण्याहून दत्तक आणलेला मुलगा गादीवर बसला. तेच सयाजीराव. त्यांनी दरबाराची नासधूस करणारे बरेच शौक आटोक्यात आणले, पण व्यायामाला पाठबळ कायम ठेवलं.

या संधिकाळात, १८८०च्या सुमारास, जुम्मादादांची तालीम बडोद्यात उभी राहिली. जुम्मा म्हणजे शुक्रवार. साध्या मुसलमान घरांत आठवड्याच्या वारावरून ठेवलेली अशी नावं आपल्याकडेही ओळखीची आहेत. पुढे लागलेलं ‘दादा’ मात्र मराठी आणि गुजराती वळणाचं. माणूस कुठल्या थरातून आला आणि कुठल्या लोकांत वावरला, हे नावावरूनच कळतं.

जुम्मादादा पैलवान होते, हत्यारं चालवण्यात निष्णात होते. लाठी, पट्टा, बनेटी, जंबिया, फरी-गदका या विद्या त्या वेळी उतरणीला लागल्या होत्या. १८५७ नंतर इंग्रजांनी मुलखातल्या लोकांची हत्यारं काढून घेतली आणि १८७८च्या हत्यारबंदी कायद्याने त्यावर शिक्कामोर्तब केलं. तलवार धरायलाच परवाना लागतो म्हटल्यावर शिकणार कोण आणि शिकवणार कोण? संस्थानांत मात्र थोडी मोकळीक होती. तिथे जुने शिलेदार, बारगीर, सिद्दी, अरब, रोहिले, मराठे म्हातारे होत होते आणि त्यांच्याबरोबर त्यांची विद्याही. लाकडाची तलवार, कातड्याची ढाल, बांबूची काठी यांच्या रूपाने ती तालमीत टिकली. जुम्मादादांसारखे उस्ताद नसते तर बनेटी आणि जंबिया हे शब्द आपल्याला फक्त बखरीत भेटले असते.

उस्तादाने स्वतः काही लिहून ठेवलं नाही. त्या पिढीतल्या बहुतेक उस्तादांचं असंच आहे. त्यांची विद्या तोंडी आणि अंगाने चालणारी. ढाक कशी लावायची, हे कागदावर लिहून फारसं कळत नाही. वस्ताद तुमच्या कमरेला हात घालतो, ओढतो, पाडतो, परत उभं करतो, परत पाडतो. शंभर वेळा पडल्यावर अंगाला कळतं. हौदात एका वेळी दोन जोड्या, फार तर चार. बाकीचे बाहेर जोर-बैठका मारत आपली पाळी येईपर्यंत थांबतात. या पद्धतीत एक उस्ताद आयुष्यात चांगले शागिर्द किती तयार करणार? एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

माणिकराव त्यांपैकी एक. मराठी घरातला मुलगा, जुम्मादादांच्या तालमीत वाढला, कुस्ती आणि हत्यारं दोन्हींत तयार झाला आणि उस्तादानंतर तालमीची जबाबदारी त्याच्याकडे आली. त्यांनी लग्न केलं नाही, आयुष्य तालमीला दिलं. त्यांची एक ओळख हाडवैद्य म्हणूनही आहे. मोडलेलं हाड, निखळलेला सांधा बसवणं हे तालमीतलं जुनं कसब. कुस्तीत हाडं मोडणारच, तेव्हा बसवणाराही तिथेच हवा. बडोद्यातल्या ज्या लोकांनी कधी लंगोट लावला नाही, त्यांनाही माणिकरावांच्या आखाड्याचा पत्ता हाड बसवण्यासाठी माहीत असायचा. तालीम मोहल्ल्याशी अशीच जोडलेली असते. तिथे सगळेच कुस्ती खेळायला येत नाहीत.

‘प्रोफेसर’ ही पदवी आज वाचताना गंमत वाटते. ती विद्यापीठाची नाही. त्या काळी सर्कसवाले, शक्तीचे प्रयोग करणारे, व्यायामाचार्य सगळे स्वतःला प्रोफेसर म्हणवत. छातीवर हत्ती उभा करणारे राममूर्ती प्रोफेसर, सर्कस काढणारे विष्णुपंत छत्रे प्रोफेसर. इंग्रजी शिकलेल्या नव्या वर्गाला तालमीतला माणूस अडाणी वाटायचा, त्यावर हा पठ्ठ्यांनी काढलेला उतारा होता. माणिकरावांना पुढे सयाजीरावांनी ‘राजरत्न’ किताब दिला. म्हणजे उस्ताद ‘दादा’ राहिला आणि शागिर्द ‘राजरत्न प्रोफेसर’ झाला. एका पिढीत तालमीचं स्थान किती बदललं, ते या दोन संबोधनांतच दिसतं.

माणिकरावांचं खरं काम हौदाच्या बाहेरचं. त्यांच्यासमोर प्रश्न असा होता, की एका वेळी दोघांना शिकवायची विद्या दोनशे जणांना कशी शिकवायची? उत्तर त्यांनी कवायतीत शोधलं. इंग्रजी पलटणीत आणि मिशनऱ्यांच्या शाळांत ‘ड्रिल’ चालायची, रांगा, आकडे, हुकूम. माणिकरावांनी सांगाडा तिथला घेतला आणि आत माल आपला भरला. लाठीचे हात मोजणीवर बसवले. लेझीम, जंबिया, जोर, बैठका, मुद्गल सगळं एक-दोन-तीन-चारवर. युरोपियन जिम्नॅस्टिक्समधलं जे उपयोगी वाटलं तेही घेतलं. आणि हुकूम इंग्रजीऐवजी हिंदीत दिले.

ही शेवटची गोष्ट आज किरकोळ वाटते. पण त्या काळात शेकडो पोरांनी एका आवाजावर हलायचं म्हणजे इंग्रजीतच हलायचं, असं सगळे धरून चालले होते. पलटणीचा सुभेदार मराठी असला तरी हुकूम इंग्रजीत. माणिकरावांनी देशी भाषेत हुकुमांचा संच तयार केला आणि तो पसरत गेला. आज शाळेत, स्वयंसेवक दलांत, मेळाव्यांत जे हिंदी-संस्कृत हुकूम ऐकू येतात, त्यांच्या उगमाचा शोध घेत गेलात तर वाटेत बडोदं लागतंच.

इथे थोडं थांबायला हवं. सामुदायिक व्यायामाने विद्या पसरली हे खरं, पण ती पातळही झाली. मोजणीवर बसवलेला जंबिया दिसायला सुंदर, पण त्यात समोरचा माणूस नसतो. समोर माणूस असला, की तो तुमच्या मोजणीने हलत नाही. जुम्मादादांकडे जे होतं ते लढणं, आणि मैदानावर जे पोचलं ते बरंचसं लढण्याचं प्रात्यक्षिक. माझ्या मते माणिकरावांना हे कळत असणार, कारण ते स्वतः हौदातून आले होते. तरी त्यांनी पसरवणं निवडलं. उरलेली विद्या चार शागिर्दांबरोबर मरू देण्यापेक्षा पातळ करून हजारांपर्यंत नेलेली बरी, असा हा हिशेब होता. कुठल्याही प्रशासकाला हाच हिशेब करावा लागतो. उस्तादाला तो करावा लागत नाही.

या काळाला राजकारणाची जोड होतीच. अरविंद घोष १८९३ ते १९०६ बडोद्यात होते आणि त्यांच्याभोवती क्रांतिकारक विचारांची मंडळी जमली होती. तरुणांचं शरीर घडवल्याशिवाय देश उभा राहणार नाही, हा त्या वेळचा मंत्र. माणिकरावांचं नावही या वर्तुळाशी जोडलं जातं. आखाडा ही इंग्रजांच्या डोळ्यांत न खुपणारी जागा होती. लंगोट लावलेल्या पोरांच्या घोळक्यात राजद्रोह कोण शोधणार?

याच आखाड्यात १९०७ ते १९१० या काळात जगन्नाथ गणेश गुणे नावाचा तरुण शिकला. बडोदा संस्थानातल्याच डभोईचा. हेच पुढचे स्वामी कुवलयानंद. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं, योगावर प्रयोगशाळेत संशोधन सुरू केलं, ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक चालवलं. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं, तेव्हा शारीरिक शिक्षणाच्या सरकारी मंडळाचं काम त्यांच्याकडे आलं. १९३८ मध्ये कांदिवलीला शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांसाठी सरकारी संस्था सुरू झाली. गावोगावच्या शाळेतले पी.टी.चे मास्तर अशा संस्थांतून तयार होऊन आले.

साखळी लावून बघा. जुम्मादादा, त्यांचे शागिर्द माणिकराव, त्यांचे विद्यार्थी कुवलयानंद, त्यांच्या हाती आलेली सरकारी समिती, तिथून निघालेला शाळेतला व्यायामाचा तास. आज जगभर २१ जूनला योगदिन होतो तेव्हा कुवलयानंदांचं नाव कधीमधी निघतं. त्यांचे व्यायामातले गुरू माणिकराव, हे जाणकार सांगतात. माणिकरावांचा उस्ताद कोण, हे कोणी विचारत नाही. साखळीची पहिलीच कडी गाळली जाते. कुणी मुद्दाम कट करून गाळली असं मला वाटत नाही. ज्याच्याकडे लेखणी होती त्याचं नाव राहिलं आणि ज्याच्याकडे लाठी होती त्याचं गेलं. पण अशा गळालेल्या कड्या बऱ्याच वेळा एकाच समाजाच्या निघाव्यात, हाही योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

लेखणीचं काम बडोद्यातच दुसऱ्या एका माणसाने मनापासून केलं, ते सांगायला हवं. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी १९३६ ते १९४९ या काळात ‘व्यायाम ज्ञानकोश’ दहा खंडांत काढला. मराठीत. कुस्तीच्या डावांपासून मल्लखांब, लाठी, फरी-गदक्यापर्यंत चित्रांसह. त्या आकाराचं काम मराठीत नंतर झालेलं नाही. विदर्भात अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ साली सुरू केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने देशी व्यायामाचं शिक्षण उभं केलं आणि १९३६ मध्ये त्यांचं पथक बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मल्लखांब, कबड्डी आणि लाठीची प्रात्यक्षिकं दाखवून आलं.

कोल्हापूरची तऱ्हा वेगळी. शाहू महाराजांची राणी लक्ष्मीबाई बडोद्याच्या खानविलकरांच्या घरातली, म्हणजे दोन संस्थानांत येणं-जाणं होतंच. शाहूंनी व्यायामाची शाळा काढण्यापेक्षा कुस्तीला आश्रय दिला. युरोपच्या दौऱ्यात रोमचं पडकं क्रीडांगण पाहून त्यांनी कोल्हापुरात खासबागचं मैदान बांधलं. १९१२ मध्ये त्याची पहिली मोठी लढत गामाचा भाऊ इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांच्यात झाली आणि इमामबक्ष जिंकला. मराठी कुस्तीच्या पंढरीचं उद्घाटन दोन मुसलमान पंजाबी पैलवानांनी केलं. त्याआधी दोनच वर्षं गामाने लंडनमध्ये झिबिस्को या पोलिश मल्लाला जवळपास तीन तास अंगाखाली दाबून ठेवलं होतं आणि सगळ्या हिंदुस्थानाला, धर्म न विचारता, त्याचा आनंद झाला होता.

मग १९२०चं दशक आलं. खिलाफत आणि असहकाराची एकी ओसरली, गावोगाव दंगे सुरू झाले. इथे भाषाही बदलली. कालपर्यंत मराठीत दंगल म्हणजे कुस्तीचा फड होता, आता दंगल म्हणजे कत्तल. व्यायामशाळांची वाटणी झाली. हिंदू संघटनवाद्यांना लाठी हवी होती ती मुसलमानांपासून बचावासाठी. सैफुद्दीन किचलूंच्या तंजीम चळवळीला मुसलमान तरुणांची फळी हवी होती. १९३१ मध्ये लाहोरला अल्लामा मश्रिकींनी खाकसार काढले, त्यांच्या खांद्यावर बेलचा. सगळ्यांची कवायत सारखीच, रांगा सारख्या, हुकूमही जवळजवळ सारखे. हौदात समोरचा माणूस असायचा; त्याच्या घामाचा वास यायचा, त्याचा श्वास ऐकू यायचा, कुस्ती झाल्यावर त्याच्या अंगाला माती लावून मिठी मारावी लागायची. रांगेतल्या कवायतीत समोर कोणी नसतं आणि त्या मोकळ्या जागी कुणालाही शत्रू म्हणून उभं करता येतं. माणिकरावांच्या पद्धतीची ही दुसरी बाजू. ती त्यांना हवी होती असं नाही, पण रांगेत उभं करायचं तंत्र एकदा तयार झालं, की ते कोण वापरेल हे तयार करणाऱ्याच्या हाती राहत नाही. त्यामुळे माणिकरावांना आज कुणी एकात्मतेचा पुतळा करू नये असं मला वाटतं. दारावर उस्तादाचं नाव राहिलं, एवढी एकच गोष्ट ठामपणे सांगता येते आणि तीही छोटी नाही.

आता आमच्या भागाकडे येतो. सोलापूर-हैदराबाद रस्ता हा या मुलखाच्या इतिहासाचा रस्ता आहे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौज सोलापूरहून याच रस्त्याने निजामाच्या हद्दीत शिरली आणि नळदुर्ग पहिल्याच दिवशी तिच्या ताब्यात आलं. रझाकारांचा जुलूम संपला. आणि त्याच्या मागोमाग ज्यांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता, अशा साध्या मुसलमानांवर जे गुदरलं ते सुंदरलाल समितीने लिहून ठेवलंय. सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत तिने उस्मानाबादचं नाव घेतलंय. आमच्याकडच्या जुन्या माणसांनी यावर मोठ्याने बोलणं कायमचं सोडून दिलं.

त्याच रस्त्यावर, सोलापूर आणि नळदुर्गच्या मध्ये, बोरामणी लागतं. दक्षिण सोलापूर तालुक्यातलं गाव. १९८० साली बोरामणीचा इस्माईल शेख महाराष्ट्र केसरी झाला. १९९२ मध्ये त्याचा भाऊ आप्पालाल शेख झाला. २००२ मध्ये तिसरा भाऊ, मुन्नालाल. एका घरात तीन सख्ख्या भावांनी चांदीची गदा आणली. महाराष्ट्रात असं दुसरं घर नाही. नावंही बघा, आप्पालाल आणि मुन्नालाल. ‘आप्पा’ कानडी-मराठी, ‘मुन्ना’ आणि ‘लाल’ हिंदुस्तानी आणि आडनाव शेख. रस्त्याने फौजा गेल्या, सरकारं बदलली, जिल्ह्याचं नावही आता बदललं, पण गावात पोरांची नावं अशीच राहिली.

या तिघांना गदा मिळाली ती ज्या स्पर्धेत, तीही एका पैलवान प्रशासकाची देणगी. मुळशी तालुक्यातल्या मुठा गावचे मामासाहेब मोहोळ स्वतः कुस्तीतले, पुढे काँग्रेसचे खासदार. त्यांच्या पुढाकाराने १९५३ मध्ये महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद उभी राहिली आणि १९६१ पासून महाराष्ट्र केसरीचा किताब सुरू झाला, पहिला मान दिनकर दह्यारींना. संस्थानं विलीन झाली, राजे गेले, पैलवानाला पोसणारा कुणी उरला नाही, तेव्हा हे घडलं. या काळात संघटना नसली, की काय होतं ते खाशाबा जाधवांनी सोसलं. १९५२ मध्ये हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, म्हणून कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपलं घर गहाण टाकलं. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, आणि त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणानंतर.

परिषदेच्या विजेत्यांच्या यादीत बोरामणीनंतरही आपली नावं येत राहिली. २००५ मध्ये सईद चाऊस. चाऊस हे आडनाव मराठवाड्याबाहेरच्या वाचकाला कदाचित नवं असेल. निजामाच्या फौजेत येमेनच्या हद्रमौतमधून आलेल्या अरबांच्या वंशजांना चाऊस म्हणतात. जुम्मादादांच्या काळात संस्थानांत जी अरब शिबंदी होती, तिचे हे नातू-पणतू. २०१८ला जालन्यात करमाळा तालुक्यातला बाला रफिक शेख, समोर अभिजित कटके. यादीतली ही नावं कुणी राखीव जागेतून घातलेली नाहीत. हौदात तशी सोयही नसते.

पण हौद आणि टेबल या दोन जागा आहेत. २०२२ मध्ये भारतीय कुस्ती महासंघाने जुनी परिषद बरखास्त केली, नवी संघटना आली, प्रकरण कोर्टात गेलं आणि २०२३ या एकाच वर्षात महाराष्ट्र केसरी दोनदा झाली. दोन संघटना, दोन गदा. पैलवानाने कुठे खेळायचं आणि कुठला किताब खरा मानायचा? २०२५ मध्येही अहिल्यानगरला एक आणि कर्जतला एक. मामासाहेबांनी सत्तर वर्षांपूर्वी जे एकत्र बांधलं होतं, ते टेबलावरच्या माणसांनी सोडवून ठेवलं.

जानेवारी २०२३ची स्पर्धा पुण्यात कोथरूडला झाली. माती विभागात मोहोळचा सिकंदर शेख आणि मंगळवेढा तालुक्यातला महेंद्र गायकवाड समोरासमोर आले. दोघेही सोलापूर जिल्ह्याचे. महेंद्रने लावलेल्या बाहेरच्या टांगेला पंचांनी चार गुण दिले आणि सिकंदर हरला. ते चार होते की कमी, यावर तज्ज्ञ भांडले ते ठीक. कुस्तीत असे वाद होतात, कुस्तीचे जाणकार त्यावर आयुष्यभर भांडू शकतात. पण दोन दिवसांत मोबाईलवर तो वाद गुणांचा राहिला नाही, शेख आणि गायकवाडांचा झाला. पंचाला फोनवरून धमकी गेली, पोलीस आले. सिकंदरच्या बाजूने ओरडणाऱ्यांत त्याच्या तालमीतली हिंदू पोरं सगळ्यांत पुढे होती, हे त्या गदारोळात कुणी मोजलं नाही. बाजारात हमाली करणाऱ्या बापाचा पोरगा पुन्हा तालमीत गेला.

नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या संघटनेची स्पर्धा पुण्याजवळ फुलगावला झाली. अंतिम लढतीत सिकंदरसमोर शिवराज राक्षे होता, जानेवारीचा महाराष्ट्र केसरी. सिकंदरने त्याला काही सेकंदांत अस्मान दाखवलं. गुण मोजायची वेळ पंचांवर आलीच नाही.